दिसत नाही, हे कोणी ठरवलं?

मागच्या महिन्यात मी माझ्या पायलट स्टडीचा निकाल सरांसमोर ठेवला आणि पाच मिनिटांत तो निकालातच निघाला.

माझं काम कापडावर आहे. इन्सुलिन पंप, पोटावरची ऑस्टॉमी पिशवी असं काही चोवीस तास अंगावर बाळगणाऱ्या माणसाच्या साध्या, रोजच्या कपड्यांतून ती वस्तू किती उठून दिसते आणि कुठल्या कापडात कमी दिसते, हा माझा प्रश्न. पायलटसाठी मी दुकानात असतो तसा एक पुतळा आणला. त्याच्या कमरेला लाकडी ठोकळा बांधला, वरून नऊ प्रकारच्या कापडांचे एकाच मापाचे सदरे चढवले, फोटो काढले आणि प्रत्येक फोटोला एक ते पाच गुण दिले. सरांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "गुण कोणी दिले?" म्हटलं, मीच. "ठोकळा कुठे बांधलाय हे तुला माहीत होतं ना?"

खरं सांगायचं तर राग आला होता. तेवढ्यासाठी तीन आठवडे पाण्यात? मग पुन्हा लिटरेचर रिव्ह्यूला बसले आणि शोधता शोधता भलत्याच ढिगाऱ्यात जाऊन पडले. अमेरिकेत पिस्तूल कपड्यांखाली लपवून बाळगणाऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले: महागडे खास कपडे न घेता रोजच्या, स्वस्त कपड्यांत पिस्तूल कसं दिसू द्यायचं नाही. सलग तीन संध्याकाळी तेच वाचलं. वस्तू वेगळी असली तरी प्रश्न माझाच होता. आणि वाचता वाचता लक्षात आलं की चूकही माझीच आहे, फक्त हजारो लोक मिळून करतायत.

म्हणून आजची पोस्ट या सल्ल्यांच्या समीक्षेची. पिस्तूल बाळगावं की नाही हा वाद इथे घेतलेला नाही. एखादा दावा पुरावा म्हणून वाचताना काय काय तपासायचं, ते या निमित्ताने पाहू. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना उपयोग होईल.

आधी संदर्भ

आपल्याकडे हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. अमेरिकेत तो रोजचा आहे. नागरिकांना लपवून शस्त्र बाळगू देणारं शेवटचं राज्य इलिनॉय, २०१३ मध्ये. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा, मगच परवाना' ही अट रद्द केली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत त्यासाठी परवानाही लागेनासा झाला. २०१९ च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारलेला अंदाज असा, की हँडगन असलेल्या प्रौढांपैकी सुमारे १ कोटी ६० लाख जणांनी महिन्यातून एकदा तरी भरलेलं पिस्तूल बरोबर नेलं, आणि त्यातले सुमारे ६० लाख ते रोज नेत होते. २०१५ मध्ये हाच रोजचा आकडा ३० लाख होता. म्हणजे रोज सकाळी कपाटासमोर उभं राहून 'आज यात दिसेल का?' असं स्वतःला विचारणारी ही एवढी माणसं. त्यात ताशी ७.२५ डॉलर किमान वेतनावर काम करणारेही असणारच, त्यामुळे 'स्वस्त' हा शब्द तिथे शोभेला आलेला नाही.

सल्ला काय म्हणतो

बहुतेक सल्ल्यांचा गाभा सारखाच असतो. पँट कमरेला एक-दोन इंच मोठी घ्या, कारण होल्स्टर आत जाणार. शर्ट बाहेर सोडा. पातळ टी-शर्ट टाळा. गडद रंग, चेक्स किंवा फुलाफुलांची डिझाइन घ्या. आत बनियन, वर बटणं न लावलेला शर्ट घाला. जुन्या कपड्यांच्या दुकानात जा. आणि ढीगभर खिसे असलेलं ते 'टॅक्टिकल' जाकीट अजिबात घालू नका, कारण त्यानेच जगाला कळतं.

हा शेवटचा मुद्दा मला फार आवडला, कारण त्यामागे खराखुरा इतिहास आहे. ५.११ हे टॅक्टिकल कपड्यांचं तिथलं मोठं नाव मुळात गिर्यारोहणातलं: कॅलिफोर्नियाचे प्रसिद्ध गिर्यारोहक रॉयल रॉबिन्स यांच्या कंपनीने काढलेली चढाईची पँट, आणि ५.११ ही कडा चढायला किती अवघड आहे ते सांगणारी श्रेणी. पुढे ती पँट एफबीआयच्या प्रशिक्षणार्थींमध्ये रुजली आणि काही वर्षांत तिचा वेगळा धंदा उभा राहिला. कपडा सोयीचा म्हणून पसरला, आणि पसरल्यामुळे ओळखीची खूण झाला. उलट २०१२ च्या सुमारास वुलरिचसारख्या १८३० पासूनच्या जुन्या कंपनीने पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी साध्या चिनोज काढल्या, त्या कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणूनच. सल्ला देणारे म्हणतात, साधंच दिसायचं असेल तर खास साधेपणासाठी जास्तीचे पैसे कशाला? तर्क बिनतोड आहे.

कापडाच्या बाबतीत सल्ला बराचसा बरोबर

अमेरिकन बोलीत याला 'प्रिंटिंग' म्हणतात: पिस्तुलाचा आकार कपड्यावर उमटणं. ते का होतं, हे कापडाच्या यंत्रशास्त्रातून सांगता येतं.

मी इचलकरंजीची. आमच्याकडे कापड बोटांत चुरगाळून 'हे छान पडेल' असं सांगणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. ती बोटं काय मोजतात, हे आकड्यात आणण्याचं काम मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या एफ. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये केलं. कृती इतकी सोपी की घरी करून पाहा. अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. तिचं टोक वाकत वाकत आडव्या पातळीखाली ४१.५ अंशांवर आलं की थांबायचं. बाहेर आलेल्या लांबीच्या निम्मी लांबी म्हणजे त्या कापडाची 'बेंडिंग लेंग्थ'. तिचा घन गुणिले दर चौरस मीटरचं वजन, म्हणजे कापडाची ताठरता. पुढे १९६० च्या दशकात क्यूसिक यांनी ३० सेंटिमीटर व्यासाचं गोल कापड १८ सेंटिमीटरच्या तबकडीवर ठेवून त्याची सावली मोजली. सावली जितकी लहान, तितकं कापड मऊ पडणारं.

आता सल्ला तपासू. मऊ, लुळं कापड वस्तूच्या कडांवरून वाकतं आणि प्रत्येक कोपऱ्याला बिलगतं. ताठ कापड एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर पुलासारखं जातं, मधल्या कडा झाकल्या जातात. होजिअरीचा टी-शर्ट तर ताणला जातो, म्हणून तो सगळ्यात चुगलखोर. इथपर्यंत सल्ला बरोबर. पण 'जाड कापड घ्या' हे अर्धंच खरं आहे. ताठरता तेवढीच ठेवून नुसतं वजन वाढवलं तर बेंडिंग लेंग्थ कमी होते, म्हणजे कापड जास्तच बिलगतं. जड रेयॉन आणि हलकं पॉपलीन शेजारी धरून बघा, दुकानदाराला विचारायची गरज पडणार नाही.

डिझाइनचंही तसंच. भरगच्च फुलांत वस्तूची कडा हरवते, हे पटण्यासारखं आहे. पण सरळ रेघा? आमच्या लॅबमध्ये पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजायला त्यावर सरळ रेघांचा प्रकाशच टाकतात, कारण उंचवटा आला की रेघ वाकते. एकट्या 'डिझाइनचा शर्ट' या सल्ल्यात फुलं, चेक्स आणि रेघा एकाच पोत्यात भरलेल्या असतात. वर्गीकरण ढिलं असेल तर सल्ला एकाच वेळी बरोबरही ठरतो आणि चूकही.

आरशातला निरीक्षक

आता मुख्य मुद्दा. हे कपडे चालतात, याचा पुरावा काय दिलेला असतो? जवळजवळ नेहमी दोनच वाक्यं. 'आरशात पाहिलं, दिसत नाही.' आणि 'इतकी वर्षं बाळगतोय, कुणी काही बोललं नाही.'

पहिलं वाक्य म्हणजे माझा पायलट स्टडी. निरीक्षकाला वस्तूची जागा माहीत आहे. त्याची नजर थेट तिथेच जाते, म्हणून त्याला ती जास्त दिसते. पण आज कामावर जाताना हाच शर्ट घालायचा असं त्याने आधीच ठरवलेलं असतं, म्हणून ती त्याला कमीही दिसते. चूक मोठी आहे हे तर झालंच. ती कुठल्या दिशेची आहे हेसुद्धा सांगता येत नाही. माझ्या नऊ कापडांचे गुण सरांनी बाजूला सारले ते यासाठी. दिशा माहीत असती तर निदान 'खरा आकडा याहून कमीच असणार' असं तरी म्हणता आलं असतं.

आपल्याकडे सगळे बघतायत हे वाटणं किती फसवं असतं, यावर २००० साली प्रसिद्ध झालेला कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग चक्क टी-शर्टवरच आहे. गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला, त्या वयात घालायला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, साधारण निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याच्याच आसपास लोकांना तो चेहरा सांगता आला. सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग तर तुम्हाला माहीत असेलच: चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना मधून चालत गेलेला गोरिला दिसलाच नाही.

मग यावरून 'कपडे काहीही घाला, कुणी बघत नाही' असं म्हणायचं का? तिथेच थांबा. हे प्रयोग बेसावध किंवा दुसऱ्या कामात गुंतलेल्या लोकांवरचे आहेत. दुकानाचा सुरक्षारक्षक, पोलीस, किंवा पिस्तूलच शोधणारा चोर यांच्याबद्दल ते काही सांगत नाहीत. 'लोक बघत नाहीत' या वाक्यात 'लोक' कोण, हे लिहिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

दुसरं वाक्य, 'कुणी काही बोललं नाही', जास्त धोक्याचं, कारण ते मोजमापासारखं ऐकू येतं. पण न बोलणं आणि न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याच्या कमरेला पिस्तूल दिसलं तर तुम्ही काय कराल? विचारायला जाल, की मुलाचा हात धरून दुसऱ्या रांगेत जाल? ज्यांना दिसलं ते निघून गेले, आणि निघून गेलेल्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

चांगला प्रयोग कसा असतो ते बघायचं असेल तर प्राणिशास्त्राकडे जाऊ. २००५ मध्ये इनस कथिल आणि सहकाऱ्यांनी ब्रिस्टलजवळच्या जंगलात कागदी त्रिकोणांचे पतंग केले, खाली मेलेल्या अळ्या ठेवल्या आणि ओकच्या खोडांवर टाचले. काहींवर ठिपके कडेला कापले जातील असे, काहींवर तेच ठिपके आतल्या बाजूला. कडा तोडणारे पतंग जास्त काळ वाचले. यात निरीक्षक म्हणजे भुकेले पक्षी. त्यांना गृहीतक माहीत नव्हतं आणि भिडस्तपणे गप्प बसायचं कारणही नव्हतं. दिसलं तर खाल्लं, एवढीच नोंद. तुलनेला दुसऱ्या प्रकारचे पतंगही होते. आरशात यातलं काहीच नसतं. विशेषतः ज्यांच्याकडे पिस्तूल नाहीच अशी माणसं नसतात. फुगलेला खिसा मोबाइलचाही असतो, पंपाचाही. बघणारा त्यालाही 'पिस्तूल' म्हणत असेल, तर त्याचं 'दिसलं' म्हणणं कवडीमोल. बरोबर ओळखलेली आणि उगाच संशय घेतलेली, असे दोन्ही आकडे एकत्र ठेवल्याशिवाय 'दिसणं' मोजताच येत नाही.

'लपलं' म्हणजे नक्की काय?

सल्ल्यांत 'लपवणं' हा शब्द शंभरदा येतो, व्याख्या एकदाही नाही. आणि व्याख्या तर उपलब्ध आहेत! आयडीपीए ही १९९६ साली सुरू झालेली नेमबाजी स्पर्धांची संघटना सांगते: हात दोन्ही बाजूंना जमिनीला समांतर पसरा, तरी पिस्तूल उघडं पडता कामा नये. छान, तपासता येण्यासारखी व्याख्या आहे. पण ती फक्त उघडं पडण्याची. आकार उमटण्याबद्दल ती गप्प.

कायद्याची व्याख्या राज्यागणिक आणि सालागणिक बदलते. टेक्सासमध्ये २०१३ पर्यंत परवानाधारकाने 'हेतुपुरस्सर न लपवणं' हा गुन्हा होता; मग शब्द बदलले आणि उघड दिसेल असं हेतुपुरस्सर दाखवणं हा गुन्हा झाला. २०१६ पासून तर परवानाधारकाला होल्स्टरमधलं पिस्तूल उघड बाळगायलाही मुभा मिळाली. फ्लोरिडाने २०११ मध्ये क्षणभर दिसण्याला, धमकावण्यासाठी नसेल तर, माफी दिली. म्हणजे वाऱ्याने शर्ट उडाला तर एका ठिकाणी वकील गाठायचा, दुसऱ्या ठिकाणी शर्ट खाली ओढायचा. 'हा शर्ट पुरेसा आहे का?' याचं उत्तर कुठे आणि केव्हा हे कळल्याशिवाय देता येत नाही. सल्ले मात्र अख्ख्या देशाला एकच शर्ट घालतात.

न मोजलेला निकाल

सगळ्यात मोठी उणीव शेवटी ठेवलीय. हे सल्ले एकच निकाल मोजतात: दिसलं की नाही. पण पिस्तूल लाकडी ठोकळा नाही. लपवायला सोयीचं म्हणून जे सुचवलं जातं, तेच कधी कधी दुसरीकडे महागात पडतं. सैल, लांब शर्टाचं टोक, किंवा जाकिटाच्या तळाची नाडी आणि तिचं प्लास्टिकचं बटण, पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवताना ट्रिगरपाशी अडकलं तर गोळी सुटू शकते. म्हणजे सैलपणा वाढवला की एक निकाल सुधारतो आणि दुसरा बिघडतो. ज्याने एकच निकाल मोजलाय, त्याला हा सौदा दिसणारच नाही.

आणि 'रोजचे कपडे' कुणाचे? सल्ल्यातला माणूस बहुतेक वेळा पँट, पट्टा आणि बाहेर सोडलेला शर्ट घातलेला पुरुष असतो. 'द पुडिंग' या संकेतस्थळाने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या २० ब्रँडच्या ८० जीन्स मोजल्या. एकाच मापाच्या कमरेत बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के उथळ निघाले. बऱ्याच ड्रेसना तर पट्टाच नसतो. मग बायकांसाठी सल्ला येतो तो पर्सचा: पिस्तुलासाठी वेगळा, चेनचा कप्पा असलेली पर्स.

३० डिसेंबर २०१४ ला आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्सच्या अशाच कप्प्यातून पिस्तूल काढलं. गोळी सुटली आणि आई जागीच गेली. 'दिसलं का?' या एकाच निकषावर ती पर्स पूर्ण यशस्वी होती. दुकानात कुणालाच काही दिसलं नव्हतं.

हे वाचल्यावर मी त्या संध्याकाळी पुढे वाचलं नाही.

मग काय उरतं?

सरसकट सगळं मोडीत काढायचं नाही. खास ब्रँडवर पैसे उधळू नका, कंबर एक माप मोठी घ्या, ताणलं जाणारं पातळ कापड टाळा, हे सल्ले कापडाच्या गुणधर्मांवर टिकतात. ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर आणि ताठ पट्टा यांवर मात्र कंजुषी करू नका, असं त्यातले शहाणे सल्लागार सांगतात, तेही बरोबर आहे. 'कुणाला कळत नाही' हा दावा मात्र टिकत नाही, कारण तो कुणी तपासलेलाच नाही. आणि ज्या निकालात माणूस मरतो, तो निकाल तक्त्यात नसेल तर तो तक्ता शर्ट निवडायलासुद्धा वापरू नये.

माझा पायलट मी पुन्हा मांडलाय. ठोकळा निम्म्याच फोटोंत आहे. काही फोटोंत त्याऐवजी मोबाइल. गुण देणारे माझ्या विभागाबाहेरचे, त्यांना फक्त 'इथे काही आहे का?' एवढं विचारायचं. पुतळ्याला वाकवता येत नाही, म्हणून एथिक्स कमिटीच्या परवानगीने खरी माणसं, बसताना, वाकताना, बसच्या दांड्याला हात लावताना. आणि एक रकाना नवा आहे, जो आधी माझ्या डोक्यातही नव्हता: त्या कपड्यात पंपाची नळी अडकली का, घाईच्या वेळी पंप पटकन हाताशी आला का. पंप सुंदर लपला आणि साखर उतरल्यावर तो सापडेना, तर माझं कापड नापास.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'परिणामकारक', 'सोयीस्कर', 'लक्षात न येणारं' असा एखादा शब्द असेल तर त्याच्यापुढे पेन्सिलने लिहा: कोणी ठरवलं? त्याला काय माहीत होतं? आणि काय मोजायचं राहिलं? उत्तरं जमली नाहीत तर खाली लिहा, मिळून बघू. सरांनी विचारण्याआधी आपणच विचारलेलं बरं, तीन आठवडे वाचतात.